कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची सेटिंग एकदाच ठरवून ठेवावी, की प्रसंगागणिक बदलावी?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारणाऱ्या आमच्या मंडळींपैकी तिघांनी अलीकडे छोटे डिजिटल कॅमेरे घेतले, त्यांतल्या दोघांनी तर वापरलेले, आणि तिघांनीही मला एकच प्रश्न विचारला: मेनूमध्ये पानेच्या पाने पर्याय आहेत, त्यांतले नेमके कोणते ठेवायचे? त्यांना दिलेले उत्तरच येथे मांडतो. ते सर्वांना पटणार नाही याची मला कल्पना आहे आणि न पटण्याची कारणे मला ऐकायची आहेत.

माझे म्हणणे असे की कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची सेटिंग घरी बसून, शांतपणे, एकदाच ठरवावी, ती मोड डायलवरच्या सी किंवा एमआर अशा जागेत साठवून ठेवावी आणि बाहेर पडल्यावर मेनूला हात लावू नये. हा कॅमेरा घ्यायचा तो खिशातून चटकन बाहेर काढता यावा म्हणून. तो हातात घेऊन माणूस पडद्यावरच्या याद्या वाचत उभा राहिला, तर पाण्यावरून उठलेला बगळा तोवर पलीकडच्या काठाला पोहोचलेला असतो.

माझा कॅमेरा एक इंची म्हटल्या जाणाऱ्या सेन्सरचा आहे. हे नाव फसवे आहे, कारण तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचाच असतो. एवढ्या लहान सेन्सरवर, झूम न करता, एफ ४ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) समोरचा माणूस आणि मागचा पाण्यातला संध्यामठ दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. उलट छिद्र एफ ८ च्या पुढे लहान केले, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र किंचित मऊ पडते. म्हणून मी अॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचे, शटरचा वेग कॅमेऱ्याने) निवडून एफ ४ कायम ठेवतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ऑटोवर असतो, पण त्याची कमाल मर्यादा १६०० आणि शटरचा किमान वेग १/१२५ सेकंद असा बांधून दिलेला असतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा उजळ किंवा गडद करण्याची सोय) उणे १/३ वर ठेवतो, कारण जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या नेहमीच्या चित्रफाइलमध्ये, एकदा पांढरे फटक पडलेले आकाश परत आणता येत नाही. डिजिटल झूम बंद असतो, कारण तो चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करण्यापलीकडे काही करत नाही. नॉइज रिडक्शन (चित्रातला दाणेदारपणा पुसण्याची सोय) सर्वांत कमी पातळीवर ठेवतो, नाहीतर चेहऱ्याची कातडी मेणासारखी दिसू लागते.

सर्वांत जास्त आग्रह मात्र व्हाइट बॅलन्सविषयी, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे चित्राचे रंग जुळवणाऱ्या सेटिंगविषयी, आहे. तो ऑटोवर ठेवूच नये. उन्हाच्या चिन्हावर, म्हणजे साधारण ५,२०० ते ५,५०० केल्विनवर, कायमचा ठेवावा. उन्हे उतरताना रंकाळ्याच्या पाण्यावर जो तांबूस उजेड पसरतो, तो ऑटो व्हाइट बॅलन्सच्या दृष्टीने दुरुस्त करण्याजोगा दोष असतो. ज्या उजेडासाठी चित्रकार आबालाल रहिमान यांनी हाच तलाव पुनःपुन्हा रंगवला, तो उजेड यंत्राने धुऊन टाकावा आणि आपण त्याला चांगला रंग म्हणावे, हे मला मान्य नाही.

तालमीशेजारी

दादा, आपली मांडणी नीट विचार करून केलेली आहे आणि तळ्याकाठच्या उजेडासाठी ती योग्यही असेल. परंतु ती एकाच जागेच्या उजेडावरून केलेली आहे, आणि आपण ती सर्वांसाठी नियम म्हणून सांगत आहात, म्हणून हा प्रतिसाद लिहितो.

माझा धाकटा भाऊ तालमीत आहे, त्यामुळे माझी बहुतेक छायाचित्रे आखाड्याच्या कडेला उभे राहून काढलेली असतात. दोन लहान खिडक्या, वर चोकवाल्या ट्यूबलाइट, खाली तेल, ताक आणि हळद घालून मळलेली लाल माती, आणि क्षणभरही स्थिर नसलेले दोन पैलवान. आपली सेटिंग तेथे काय करते हे मी करून पाहिले आहे. एफ ४ आणि १६०० ही मर्यादा गाठली तरी उजेड पुरत नाही, आणि मग माझा कॅमेरा आपण बांधून दिलेला १/१२५ चा वेग मुकाट्याने सोडून १/३० वर उतरतो. बरेच कॅमेरे असेच वागतात. पडद्यावर चित्र उजळ दिसते. घरी मोठे करून पाहिले की पैलवानाचा हात पुसून गेलेला असतो. तेच छिद्र एफ १.८ ला उघडले, तर जवळजवळ पाचपट प्रकाश आत येतो आणि वेग पुन्हा १/१५० च्या आसपास जातो. त्या क्षणी चकती फिरवण्याची सवय हाताला नसेल, तर घरी शांतपणे ठरवलेल्या सेटिंगचा काही उपयोग होत नाही.

१/१२५ या आकड्यालाही माझी वेगळी हरकत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून अशा जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/१०० ला उघडले, तर त्या चढउताराचे एक आवर्तन पूर्ण पकडले जाते. १/१२५ ला ते अपुरे राहते, आणि ओळीने काढलेल्या पाच छायाचित्रांपैकी दोन मंद आणि पिवळट येतात. इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल, तर चित्रावर आडवे पट्टेही पडतात. मला याचे कारण कळायला दोन वर्षे लागली. तोवर मी कॅमेराच बिघडला असे समजत होतो.

उणे १/३ चा नियम तर मला अजिबात पटत नाही. समोर जे असेल ते सरासरी करड्या छटेचे आहे असे कॅमेऱ्याचे मीटर गृहीत धरते. अंबाबाईच्या देवळाची काळ्या दगडाची बाहेरची भिंत त्याला दाखवली, तर तो ती उजळ करड्या रंगाची करतो. तेथे उणे २/३ द्यावे लागते. याउलट पांढरे फेटे आणि पांढरे सदरे घातलेल्या मिरवणुकीला तो मळकट करतो. तेथे अधिक २/३ हवे. आपले कायमचे उणे १/३ पहिल्या ठिकाणी अपुरे पडते आणि दुसऱ्या ठिकाणी मूळ चूक आणखी वाढवते.

व्हाइट बॅलन्सबाबत मात्र मी आपल्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण रंकाळा नसून जोतिबाची चैत्र यात्रा आहे. सासनकाठ्या नाचू लागल्या की डोंगरावर जमीन, माणसे, हवा, सगळे गुलालाने माखलेले असते. ऑटो व्हाइट बॅलन्स त्या गुलाबी रंगाला उजेडाचा दोष समजून उलट दिशेने ढकलतो, आणि भाविकांचे चेहरे हिरवट दिसू लागतात. (तेथे कॅमेरा पारदर्शक पिशवीतच ठेवावा. आत-बाहेर सरकणाऱ्या लेन्सच्या फटीतून गुलाल एकदा शिरला की तो निघत नाही.)

गुजरीची लेक

तालमीशेजारी दादांनी व्हाइट बॅलन्सवर इतक्या लवकर मान डोलावली याचे आश्चर्य वाटले. आमच्या घरी दागिने घडवण्याचे काम चालते आणि कोल्हापुरी साज, ठुशी, चितांग यांची छायाचित्रे ग्राहकांना पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली उन्हाचे सेटिंग ठेवले, तर सोने तांब्यासारखे लाल दिसते. ऑटोवर ठेवले, तर खाली लाल मखमल आहे की निळी, यावर सोन्याचा रंग ठरतो आणि एकाच साजाची दोन छायाचित्रे दोन वेगळ्या दागिन्यांची वाटतात.

म्हणून मी दोन्ही वापरत नाही. त्याच दिव्याखाली पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स मोजून घेते, आणि दिवा बदलला की पुन्हा मोजते. याला अर्धा मिनिट लागतो. आमच्याकडे रंगाचा प्रश्न आवडीचा नसतो. फोटो पाहून आलेली बाई दागिना हातात घेऊन "हा तो नव्हे" म्हणाली, तर आमचा शब्द खोटा ठरतो.

खिद्रापूरवाट

वरचे तिन्ही प्रतिसाद ज्या अडचणींवर बोलत आहेत, त्यांतल्या अर्ध्या जेपेगने निर्माण केलेल्या आहेत. कॅमेरा रॉवर (सेन्सरने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता साठवणारी फाइल) ठेवा, म्हणजे व्हाइट बॅलन्स ऑटो की उन्हाचा हा वाद उरतच नाही, कारण रॉ फाइलमध्ये तो नंतर हवा तसा बदलता येतो आणि त्यात चित्राची काहीही हानी होत नाही.

माझे उदाहरण खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचे आहे. ४८ खांबांच्या स्वर्गमंडपात उभे राहून वर पाहिले, तर छताच्या जागी आकाशाचा गोल दिसतो आणि सभोवती काळसर दगडाची शिल्पे सावलीत असतात. दगडासाठी प्रकाश मोजला, तर आकाश कोरे पांढरे होते. आकाशासाठी मोजला, तर शिल्पे काळोखात बुडतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. मी आकाश सांभाळून छायाचित्र काढतो आणि संगणकावर सावल्या उजळतो. शिल्पांच्या बोटांतली फुलेसुद्धा परत दिसू लागतात. जेपेगमध्ये हेच केले, तर सावलीत चिखलासारखे डाग उठतात. माझ्या मते कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात ठरवण्याजोगे सेटिंग एकच आहे, ते म्हणजे रॉ. बाकीचे नंतर पाहता येते.

रंकाळाकाठ

खिद्रापूरवाट यांचे स्वर्गमंडपाचे उदाहरण निर्विवाद आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी ज्यांच्यासाठी लिहिले त्या तिघांपैकी एकाच्याच घरी संगणक आहे. बाकीचे दोघे कार्ड घेऊन थेट फोटोच्या दुकानात जातात आणि पोस्टकार्ड आकाराच्या प्रती काढून आणतात. तेथे रॉ फाइल दिली, तर दुकानदार ती परत करतो. शिवाय "नंतर पाहता येते" या वाक्याने पाहण्याचे काम घरी ढकलले जाते. संध्याकाळचा उजेड कसा होता हे त्या क्षणी मला ठाऊक असते. तीन आठवड्यांनी संगणकासमोर बसून मी तो आठवणीने रंगवतो, आणि ती आठवण दर वेळी थोडी अधिक तांबूस होत जाते. म्हणून तेथल्या तेथे रंग ठरवून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम साठवण्याची सोय आहे. ज्याला हवी त्याने ती घ्यावी.

गुजरीच्या ताईंचे म्हणणे पूर्णपणे मान्य. माझ्या नियमात दुकानातला उजेड नव्हता.

सहलीच्या बाई

मी शाळेत शिकवते आणि दर वर्षी पन्हाळ्याच्या सहलीची छायाचित्रे काढते. तीस मुले सांभाळत असताना मला वरच्यापैकी एकही चकती फिरवता येत नाही. मी प्रोग्रॅम मोड (छिद्र आणि वेग दोन्ही कॅमेराच ठरवतो), चेहरा ओळखणारा फोकस आणि ऑटो आयएसओ ठेवते, आणि सगळ्या मुलांचे चेहरे ओळखता यावेत एवढीच अपेक्षा करते. मी हे नाइलाजाने करत नाही, माझ्या कामासाठी तेच बरोबर सेटिंग आहे.

मात्र एक सेटिंग मी हाताने बदलते आणि त्याचा येथे कोणी उल्लेखही केला नाही: भर दुपारी फ्लॅश सक्तीने चालू करते. तीन दरवाज्यापाशी बाराच्या उन्हात टोप्या घातलेली मुले उभी केली, तर प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळी सावली पडते. मोठ्या एसएलआर कॅमेऱ्याला फ्लॅशसह साधारण १/२०० किंवा १/२५० च्या पुढे जाता येत नाही. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचे शटर लेन्समध्येच बसवलेले असल्यामुळे ते १/१००० लाही फ्लॅशबरोबर जुळते, म्हणून भर उन्हातही तो चिमुकला फ्लॅश कामाला येतो. फक्त मुले तीन मीटरच्या आत हवीत. खिशातल्या कॅमेऱ्याची मोठ्या कॅमेऱ्यावर मात होते अशा मोजक्या गोष्टींपैकी ही एक आहे, आणि बहुतेक लोक घरी आल्यावर पहिल्यांदा फ्लॅशच बंद करून ठेवतात.

तालमीशेजारी

बाई, फ्लॅशचे हे मलाही ठाऊक नव्हते. जोतिबाला फेट्याखालच्या चेहऱ्यांसाठी नक्की करून पाहीन. आखाड्यात मात्र तो चालत नाही. पैलवानाच्या डोळ्यांवर लख्ख उजेड मारणे धोक्याचे आहे, आणि वस्ताद बाहेर काढतील ते वेगळेच.

रंकाळाकाठ

काल संध्याकाळी ओळखीच्या एका तालमीत वस्तादांची परवानगी घेऊन तासभर उभा राहिलो. तालमीशेजारी यांचे १/१०० बाबतचे म्हणणे खरे निघाले. १/१२५ ला काढलेल्या दहांपैकी चार छायाचित्रांचा उजेड वेगळा आला, तर १/१०० ला काढलेली दहाही सारखी आली. शटरचा किमान वेग मी आता १/१०० केला आहे. हलणाऱ्या हाताच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक नाही.

माझ्या कॅमेऱ्यात तीन सेटिंग साठवता येतात. पहिल्या जागी तळ्याकाठचे आहे तसेच राहील, उणे १/३ सकट. तेथे आकाश नेहमी चौकटीत असते आणि ते पांढरे पडलेले मला चालत नाही. दुसऱ्या जागी तालीम साठवली आहे: एफ १.८, १/१००, आयएसओ ३२०० पर्यंत, कॉम्पेन्सेशन शून्य, फ्लॅश बंद. बाहेर उभा असताना मेनूत शिरायचे नाही हा माझा आग्रह कायम आहे, पण डायलचा एक टप्पा फिरवण्याला माझी हरकत उरलेली नाही. तिसऱ्या जागी बाईंचे भर दुपारचे सेटिंग ठेवावे असे वाटते, तेव्हा त्यांनी फ्लॅशची तीव्रता पूर्ण ठेवावी की एक टप्पा कमी करावी, हे सांगावे.

सहलीच्या बाई

दोन तृतीयांश टप्पा कमी. पूर्ण ठेवला तर पुढच्या रांगेतल्या मुलांची कपाळे चमकतात.