शब्दचर्चा: 'फिनॉलिक आम्ल' आंबट असतं का?

प्रश्न: आहारावरचा एक लेख मराठीत लिहितेय. त्यात 'फिनॉलिक आम्ले' (वनस्पतींत आढळणारा संयुगांचा एक गट) असं लिहिलं, तर वाचून पाहणारी मैत्रीण म्हणाली, "म्हणजे खाल्ल्यावर पित्त होणार?" 'आम्ल' काढून 'तुरट द्रव्ये' म्हटलं तर?

उत्तर: तसं करू नका, ताई. तोंड कोरडं पाडणारा तुरटपणा मुख्यतः टॅनिन नावाच्या वनस्पतिद्रव्यांचा. ती लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात. फिनॉलिक आम्लांपैकी गॅलिक आम्ल काही टॅनिनांचा घटक आहे, तेवढंच नातं. रसायनशास्त्रात 'फिनॉलिक आम्ल' हे नाव चव नव्हे, रेणूची घडण सांगतं: कार्बन अणूंच्या एका कड्यावर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा) गट आणि सोबत आम्लपण देणारा कार्बॉक्सिल गट. शिवाय अन्नात ही आम्ले सहसा सुटी नसतात, साखरेला किंवा तंतूंना जोडलेली असतात. हे एका वाक्यात सांगा, शब्द बदलू नका.

या आम्लांच्या नावांचंही भाषांतर नको. ती कुठून आली एवढंच सांगतात. फेरुलिक हे 'फेरुला'वरून, म्हणजे हिंगाच्या झाडाच्या प्रजातीवरून. गॅलिक हे ओकच्या झाडावर कीटकांमुळे येणाऱ्या गाठींवरून, त्याच मायफळ म्हणून ओळखल्या जातात. कॅफेइक आम्लाचा कॅफीनशी संबंध नाही, दोन्ही नावं कॉफीवरून पडली इतकंच. सगळ्यात फसवं नाव क्लोरोजेनिक. त्यात क्लोरीन औषधालाही नाही! ग्रीक 'क्लोरोस' म्हणजे हिरवट. या आम्लाचं ऑक्सिडीकरण (ऑक्सिजनशी रासायनिक क्रिया) झालं की हिरवा रंग येतो. हे कॉफीत भरपूर असतं, सफरचंदातही असतं, आणि कापलेली फोड तपकिरी पडते त्यात याचा वाटा असतो.

पुन्हा प्रश्न: छान! आता 'अँटिऑक्सिडंट'साठी 'रोगप्रतिकारक' लिहू का?

उत्तर: कृपा करून नको. रोगप्रतिकार हे शरीराच्या संरक्षणयंत्रणेचं काम. इथे 'ऑक्सिडीकरणरोधक' किंवा सरळ 'अँटिऑक्सिडंट' लिहा. क्रियापदही जपून वापरा. परीक्षानळीत ऑक्सिडीकरण रोखलं म्हणजे शरीरात रोग रोखला असं होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांची अशी नळीतली क्षमता दाखवणारी 'ओरॅक' सारणी 2012 मध्ये याच कारणाने मागे घेतली. 'रोग बरा करतात' हे वाक्य लेखात असेल तर ते काढाच.

पुन्हा प्रश्न: काढलं. गव्हाच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल भरपूर असतं, तर 'कोंडा खाल्ला की ते रक्तात मिळतं' हे तरी बरोबर?

उत्तर: अर्धंच. कोंड्यातलं बहुतेक फेरुलिक आम्ल पेशीभित्तिकेच्या तंतूंना घट्ट जोडलेलं असतं. लहान आतड्यात त्यातलं थोडंच सुटतं. बराचसा भाग मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्यातलं काही मोकळं करतात. म्हणून 'असतं' आणि 'मिळतं' ही दोन क्रियापदं वेगळी ठेवा. जोडलेल्यासाठी 'बद्ध', सुट्यासाठी 'मुक्त' हे शब्द चांगले आहेत.

प्रश्नकर्ती: 'बद्ध फेरुलिक आम्ल' असंच लिहिते, आणि आतड्यातल्या जिवाणूंचं वाक्य त्याला लागूनच घेते.