ऋत्विक घटकांचं चरित्र: चित्रपटापुढे एकच साल छापायचं की दोन्ही?

खोडरबर

४ नोव्हेंबर २०२५ला बंगाली चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटकांची जन्मशताब्दी झाली. त्या निमित्ताने मराठीत बरंच लिहून आलं, याचा आनंद आहे. पण त्याच त्या चुका पुन्हा छापल्या गेल्या आणि पुढची वीस वर्षं लोक याच लेखांवरून उतरवून घेणार. म्हणून आत्ताच बोलतो.

सगळ्यात जास्त छापली जाणारी चूक: लेखिका महाश्वेता देवी ही घटकांची 'भाची'. इंग्रजीत भाची आणि पुतणी दोघींना एकच शब्द आहे, भाषांतर करणारा हाताला लागेल तो उचलतो. मनीष घटक हे ऋत्विकचे थोरले भाऊ आणि महाश्वेता ही मनीष यांची मुलगी. म्हणजे पुतणी. बंगालीत 'भाइझि' म्हणतात, तिथे घोळाला जागाच नाही. काही ठिकाणी तर ती 'चुलत बहीण' झाली आहे. त्याचं कारण तारखांमध्ये आहे. ऋत्विकचा जन्म ४ नोव्हेंबर १९२५, महाश्वेताचा १४ जानेवारी १९२६. काका पुतणीपेक्षा जेमतेम सव्वादोन महिन्यांनी मोठा! हे कुणाला तरी अशक्य वाटतं आणि तो नातंच बदलून टाकतो. अशा वेळी मधल्या माणसाची तारीख बघायची. मनीष जन्मले १९०२ साली, धाकट्या भावापेक्षा तेवीस वर्षांनी मोठे. कोडं तिथेच सुटतं.

दुसरी चूक वयाची. घटक गेले ६ फेब्रुवारी १९७६ला. तेव्हा पन्नास पूर्ण होती, एक्कावन्नावं चालू होतं. 'वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी' हे बरोबर, '५१ वर्षांचे असताना' हे चूक. एकाने पहिलं लिहिलं की दुसरा त्याचं दुसरं करतो.

यावर माझे दोन आग्रह आहेत. चित्रपटापुढे एकच साल द्यावं आणि ते प्रदर्शनाचं असावं. आणि निव्वळ घरच्यांच्या आठवणीवर उभी असलेली तारीख छापू नये.

रीळवाला

पुतणीबद्दल शंभर टक्के मान्य. पहिला आग्रह मात्र घटकांच्या बाबतीत चालणारच नाही.

'नागरिक' घ्या. चित्रपट १९५२चा, पडद्यावर आला १९७७ला, म्हणजे घटक जाऊन दीड वर्ष उलटल्यावर. तुमच्या नियमाने त्यांचा पहिला पूर्ण चित्रपट यादीत अगदी शेवटी जाऊन बसेल. सत्यजित राय यांची 'पथेर पांचाली' १९५५ची आणि 'नागरिक' त्याच्या आधी बनून डब्यात पडलेला, हा बंगाली चित्रपटाच्या इतिहासातला एवढा मोठा मुद्दा वाचकाला कळणारच नाही. 'सुवर्णरेखा' १९६२ला पूर्ण झाली, १९६५ला लागली. 'कोमल गांधार' १९६१चा. एकच साल छापलंत तर मध्ये चार वर्षं माणूस रिकामा बसला होता असं दिसतं.

'जुक्ति तक्को आर गप्पो'मध्ये तर सरळ विसंगती दिसेल. १९७४च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्तम कथेचा पुरस्कार आहे आणि प्रदर्शन १९७७चं. न लागलेल्या चित्रपटाला पुरस्कार कसा, असं वाचक विचारणार. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र कोणत्या वर्षीचं आहे ते बघतात, थिएटरची तारीख बघत नाहीत. त्यामुळे दोन्ही सालं खरी आहेत.

तपासायची रीत अशी. प्रतीच्या सुरुवातीला प्रमाणपत्राची पाटी येते, ती थांबवून वाचायची. तारीख, लांबी, रिळांची संख्या सगळं तिथे असतं. इथे एक फसगत होते. प्रमाणपत्राची मुदत कायद्याने दहा वर्षांची असायची, त्यामुळे नंतरच्या प्रतीवर नव्या प्रमाणपत्राची तारीख असू शकते. पाटीवरचं साल चित्रपटाच्या मानाने फार उशिराचं वाटलं तर ते पहिलं प्रमाणपत्र नव्हे, असं धरून चालायचं. प्रदर्शनासाठी कोलकात्याच्या बंगाली दैनिकांतल्या जाहिराती बघायच्या. 'आगामी' असेल तर ती तारीख सोडून द्यायची. 'शुभमुक्ति' असेल तरच प्रदर्शन.

पद्माकाठ

माझं भांडण दुसऱ्या आग्रहाशी आहे. घटक कुटुंब फाळणीत उखडलेलं. अशा घराकडे जन्माचे दाखले फायलीत लावून ठेवलेले असतील, ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि कागद खरं बोलतो असंही नाही. आपल्याकडे एका पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख टाकली. मग बंगालमधला शाळेचा कागद पवित्र कसा?

ऋत्विकला जुळी बहीण होती, प्रतीती देवी. त्या जानेवारी २०२०पर्यंत हयात होत्या, ढाक्यात. जुळ्या बहिणीचं सांगणं हा प्रत्यक्ष साक्षीदाराचा पुरावा आहे. शिवाय जुळं असणं हीच फुकट मिळालेली चाचणी. कुठल्याही लेखात दोघांच्या जन्मतारखा वेगळ्या दिसल्या तर एक बहुधा चुकीची.

सासरचा धागाही पडताळ्याला उपयोगी पडतो. प्रतीतींचे सासरे धीरेंद्रनाथ दत्त. पाकिस्तानच्या घटना समितीत फेब्रुवारी १९४८मध्ये बंगाली भाषेची मागणी करणारे, १९७१मध्ये पाकिस्तानी सैन्याने नेऊन मारलेले. अशा सार्वजनिक माणसाच्या तारखा पक्क्या असतात. घरच्या आठवणी त्या खुंटीला बांधून बघता येतात.

जन्मस्थळाचा गोंधळही तपासा. जन्म ढाक्याचा. राजशाही या आताच्या बांगलादेशातल्या शहरातलं घर वडिलोपार्जित, ऋत्विकच्या वाढत्या वयातलं. ते ऑगस्ट २०२४मध्ये पाडलं गेलं, तेव्हा बातम्यांत 'वडिलोपार्जित घर' असं होतं आणि आपल्याकडे त्याचं बघता बघता 'जन्मघर' झालं.

खोडरबर

'नागरिक'पुढे माझा नियम टिकत नाही, मान्य. त्या चित्रपटापुरती दोन सालं द्या. सरसकट नको, 'अजांत्रिक' (१९५८) आणि 'मेघे ढाका तारा' (१९६०) यांना काय गरज?

आठवणींबद्दल मी मागे हटणार नाही, आणि त्याचं कारण 'जुक्ति तक्को'च आहे. त्यात घटकांनी स्वतः नीलकंठ बागचीची भूमिका केली, मुलगा ऋतबान त्यात आहे. झालं! नीलकंठचं दारू पिणं, घर सोडणं, बायकोशी ताटातूट, सगळं उचलून चरित्रात घालतात. नीलकंठची बायको दुर्गा ही तृप्ती मित्रांनी केलेली भूमिका आहे, घटकांच्या पत्नीचं नाव सुरमा. चित्रपटातला प्रसंग पुरावा म्हणून वापरणाऱ्यांना 'आठवण चालेल' म्हटलं की ते सुटतात. जुळ्या बहिणीचं नाव घेऊन तुम्ही ज्यांच्यासाठी दार उघडता ते प्रतीती देवींना वाचणारे नसतात.

पद्माकाठ

मग दाराला कडी लावा, भिंत नको. आठवण नात्यांसाठी वापरायची, सालांसाठी नाही. कोण कुणाचा कोण, घर कुठल्या गावात होतं, हे माणसं विसरत नाहीत. कुठल्या वर्षी, हे सगळे विसरतात. विजन भट्टाचार्यांचंच बघा. 'मेघे ढाका तारा'त ते नायिकेचे, नीताचे वडील. प्रत्यक्षात ते महाश्वेतांचे पती होते, म्हणजे ऋत्विकच्या पुतणीचा नवरा, आणि वयाने ऋत्विकपेक्षा बरेच मोठे. नुसत्या श्रेयनामावलीतून हे कुणाला कळेल? घरातूनच कळतं.

डेक्कनवाला

पुण्याबद्दल कुणीच बोललं नाही आणि मराठीत सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

'घटक अनेक वर्षं एफटीआयआयमध्ये (पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत) शिकवत होते' हे वाक्य बाद करा. मुक्काम थोडक्याच काळाचा, त्यातच उपप्राचार्यपद. बऱ्याच ठिकाणी १९६६ साल देतात. पण संस्थेत झालेला त्यांचा 'फिअर' हा लघुपट बहुतेक सूच्यांत १९६५चा आहे. १९६६ला आलेला माणूस १९६५चा लघुपट कसा करेल? त्यामुळे '१९६५च्या सुमारास' हेच सुरक्षित. शिवाय तेव्हा संस्थेचं नाव फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया होतं. १९६०मध्ये प्रभातच्या आवारात ती सुरू झाली, नावातलं टेलिव्हिजन सत्तरच्या दशकात आलं.

'घटकांचा विद्यार्थी' हे बिरूद लावतानाही त्या माणसाची संस्थेतली वर्षं बघा. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम (मल्याळम दिग्दर्शक, हिंदीतला नट नव्हे) यांची वर्षं जुळतात. सत्तरच्या दशकात दाखल झालेल्यांना 'घटकांच्या परंपरेतला' म्हणा हवं तर, विद्यार्थी नको.

मुंबईचं काम तर मराठी लेखांत दोन ओळींत उरकतात. 'मधुमती'ची (१९५८) कथा घटकांची, दिग्दर्शन बिमल रॉय यांचं, संवाद राजिंदर सिंग बेदींचे. 'मुसाफिर'च्या (१९५७) लेखनातही घटक आहेत, दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळी कामं आहेत, सगळ्याला 'लेखन' म्हटलं की श्रेय बेदींकडून घटकांकडे सरकतं. श्रेयनामावली वाचून त्यातलाच शब्द उतरवा.

रीळवाला

नावांच्या बाबतीत आणखी एक. 'छिन्नमूल' (१९५०) निमाई घोष यांचा, त्यात घटकांनी अभिनय केला. सत्यजित राय यांची छायाचित्रं काढणारे निमाई घोष वेगळे, त्यांचा जन्म १९३४चा. 'छिन्नमूल'च्या वेळी ते सोळा वर्षांचे होते. दोघांना एक करून छापलेलं दिसलं तर एवढी वजाबाकी पुरते.

आणि खोडरबर, अपवाद फक्त 'नागरिक'ला दिलात तर 'सुवर्णरेखा' आणि 'जुक्ति तक्को'चं काय? तीन अपवाद झाले. पूर्ण झालेले कथापट आठ. आठात तीन म्हटल्यावर तो नियम राहिला का?

खोडरबर

तिघांना दोन्ही सालं देऊ. 'नागरिक (पूर्ण १९५२, प्रदर्शन १९७७)', असंच, शब्दांसकट, कारण नुसतं '१९५२/१९७७' छापलं की वाचकाला ती छपाईची चूक वाटते. उरलेल्या पाचांना एकच साल. सगळ्यांना दोन द्यायला माझा विरोध कायम आहे.