ताजमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलंत तेव्हा… (अनुभव धागा)

कुलाब्याच्या ताज हॉटेलबद्दल आपल्यात दोनच जातीची माणसं भेटतात, एक गेटवेपाशी फोटो काढून, कबुतरांना दाणे टाकून, भेळ खाऊन परत आलेली आणि दुसरी कधीतरी एकदा आत जाऊन आलेली आणि मग ते जन्मभर सांगणारी. मी चाळिशीपर्यंत पहिल्या जातीत होतो. नंतर ऑफिसच्या एका कॉन्फरन्समुळे आत गेलो आणि जेवायच्या सुट्टीत सगळे बुफेला पळाले तेव्हा मी जुन्या इमारतीतल्या त्या मोठ्या जिन्याखाली उभा होतो, जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा आहे ना तिथे, आणि मान वर करून बघत बसलो. जिना मधोमध वर वर जातो आणि घुमटाखाली उजेड पडलेला असतो, काय सांगू.

तर धागा याच्यासाठी: आत गेला असाल, काम केलं असेल, कुणाचं लग्न जमलं असेल, बाहेरून नुसतं बघितलं असेल, जे असेल ते लिहा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून आधीच सांगतो, ताज गेटवेपेक्षा जुनं आहे. ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, गेटवे पुरा झाला १९२४ ला. पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथे उतरला तेव्हा हॉटेल होतं, कमान नव्हती.

दादरकरीण
माझ्या आईवडिलांची पहिली भेट सी लाउंजमध्ये झाली!! आमच्याकडे दाखवायचा कार्यक्रम म्हणजे घरी, कांदेपोहे, पाटावर बसून नाव सांग बाळ, पण बाबांकडचे लोक स्वतःला फार पुढारलेले समजायचे (अजूनही समजतात) म्हणून त्यांनी निरोप धाडला की ताजमध्ये चहाला भेटू. आजोबा दोन रात्री झोपले नाहीत म्हणे, बिल कोण देणार या काळजीने. आई सांगते खिडकीतून समोर समुद्र, लाँचा, आणि बाबा एक शब्द बोलले नाहीत, शेवपुरी तेवढी संपवली. हो, सी लाउंजमध्ये भेळ-शेवपुरी मिळते, तीही त्या चांदीच्या किटल्यांच्या शेजारी. नंतर कळलं की हे तिथे जुनंच आहे, पारशी, गुजराती, सिंधी घरांची कितीतरी लग्नं त्याच टेबलांवर जमलीत, वेटर लोकांना म्हणे लांबूनच कळतं कुठल्या टेबलवर काय चाललंय ते.

बिल बाबांच्या काकांनी दिलं. आजोबांनी घरी येऊन होकार कळवला.

नळबाजार
दादरकरीण, हे भारीय :))

जमशेटजींना वॉटसन हॉटेलात "फक्त गोऱ्यांसाठी" म्हणून आत घेतलं नाही, म्हणून त्यांनी चिडून ताज बांधलं, ही गोष्ट पण कुणीतरी लिहा की नीट.

चुनागच्ची
नळबाजार, ती गोष्ट ऐकायला झकास आहे पण मी तिच्यावर फार भार टाकणार नाही, तिला कागदोपत्री आधार सापडत नाही आणि इतिहासवाले बरेच जण ती मानत नाहीत. साधं कारण जास्त पटतं, १८९६ नंतर प्लेगने मुंबईची पार रया गेली होती, बाहेरचे लोक यायला धजत नव्हते आणि शहरात धड म्हणावं असं हॉटेल नव्हतं. वॉटसन होतं, काळा घोड्याला ते बिडाच्या सांगाड्याचं, तिथेच जुलै १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची चित्रं पहिल्यांदा दाखवली. ती इमारत आता कशी झालीय ते जाऊन बघा आणि मग ताज बघा, इमारत सांभाळणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

दुसरी दंतकथा मी स्वतः आर्किटेक्चर शिकत असताना सीनिअर्सकडून ऐकलेली, की ताज चुकून उलटं बांधलं आणि ते बघून गोऱ्या आर्किटेक्टने जीव दिला. साफ खोटं. एक तर नकाशे काढले रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी, आपली माणसं. वैद्य मधेच वारले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने काम पुरं केलं. दुसरं म्हणजे तोंड शहराकडे ठेवलं होतं ते समजून उमजून. घोडागाड्या शहराकडून येणार, इमारतीचे दोन पंख पश्चिमेकडे उघडलेले, दुपारनंतरचा वारा आत यायला, आणि समुद्राची बाजू खोल्यांना. जिथे आज पोहायचा तलाव आहे ती मूळची पुढची बाजू. आपण ज्याला पुढची म्हणून फोटो काढतो ती मागची! बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम मागच्या रस्त्याने नेतो आणि तिथून बघायला लावतो, अर्धे जण कंटाळतात.

आणि जाता जाता, वैद्यांचं नाव आपल्या मराठी लोकांना माहीत नसतं याचा मला खरंच राग येतो. व्हीटी स्टेशनचा आर्किटेक्ट स्टीव्हन्स सगळ्यांना पाठ.

मांडव्याची_लाँच
आम्ही अलिबागवाले, आमचं ताज समुद्रातून. कॉलेजला असताना शनिवारी घरी आणि सोमवारी पहाटेच्या लाँचने परत, डोळ्यावर झोप, अंगावर खारा वारा, आणि धुक्यातून आधी काय दिसायचं तर तो तांबडा घुमट. गेटवे नंतर. बरोबरच आहे म्हणा, गेटवे ८५ फुटांचा आणि घुमट सुमारे २४० फुटांवर. घुमट दिसला की बायका टोपल्या सरळ करायला लागायच्या, म्हणजे आता दहा-पंधरा मिनिटांत धक्का. पावसाळ्यात लाँच बंद, मग एसटीने पेण-पनवेल करत हाडं खिळखिळी, तेव्हा ताज चार महिने दिसायचंच नाही. आता रो-रो झाली भाऊच्या धक्क्याहून, गाडी घालून जातात लोक, चांगलंय, पण त्या वाटेने येताना ताज तेवढं जवळून दिसत नाही.

आत? आत मी अजून गेलेलो नाही. जायचंय असंही काही नाही खरं सांगायचं तर.

आल्दोनेकार
आमचे आजोबा गोव्यातल्या बार्देसचे, सॅक्सोफोन वाजवायचे. चर्चच्या पॅरिश शाळेत सुरांची अक्षरं आधी आणि अआइई नंतर शिकलेली ती पिढी, मुंबईत आली की धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत, राहायची, गावाप्रमाणे कूड असायचे, एक ट्रंक ठेवण्याएवढी जागा. संध्याकाळी तिथून इस्त्रीचा काळा सूट घालून निघायचे. ताजच्या बॉलरूममध्ये त्यांना कधी अधूनमधून बोलावलं जायचं, कुणी आजारी पडलं की. तेवढ्यावर त्यांची छाती आयुष्यभर फुगलेली होती कारण त्या काळी ताजचा बँड म्हणजे शेवटची पायरी. मिकी कोरिया १९३९ पासून दोनेक दशकं तिथे बँड चालवत होता, टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन काळा पियानोवाला तिथे वाजवून गेला, आणि आमच्या आल्दोनाचा चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियु वाझ, ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. हेच लोक दिवसा स्टुडिओत जाऊन हिंदी सिनेमाची गाणी वाजवायचे. महाराजे नाचले त्यांच्या तालावर, पण नोटेशनची वही बगलेत मारून घरी जायचे ते मागच्या दाराने, हेही आजोबांनीच सांगितलेलं, तक्रार म्हणून नाही, असंच.

ताजमधला हार्बर बार १९३३ चा, मुंबईतला पहिला परवान्याचा बार. एवढ्यावर थांबतो नाहीतर रात्र होईल.

केओटी
मी हॉटेल मॅनेजमेंट करताना इंडस्ट्रिअल ट्रेनिंगला तिथे होतो. गाव सांगलीजवळ, घरी सांगितलं ताजमध्ये लागलो तर आईने पेढे वाटले, मी काय करत होतो तर बँक्वेटच्या मागे उभा राहून काटे-चमचे पुसत होतो, गरम पाणी, थोडं व्हिनेगर आणि कोरडं फडकं, एकावर बोटाचा डाग दिसला की सगळा ट्रे परत. पाहुण्यांना जे दिसतं त्याच्या मागे दुसरं हॉटेल असतं, टाइम ऑफिस, लॉकर, लाँड्री, अरुंद पॅसेज, स्टाफ कॅफेटेरिया (जेवण चांगलं असायचं), आणि ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी या, दुपारी तीन-चार तास मोकळे, पुन्हा रात्री. त्या मधल्या वेळात आम्ही पोरं गेटवेच्या कठड्यावर बसून कटिंग प्यायचो.

ब्रीफिंगला नखं, दाढी, बूट तपासायचे. एक जुने कॅप्टन (वेटरांचे प्रमुख) होते, रत्नागिरीकडचे, त्यांनी शिकवलेलं विसरणार नाही, पाहुणा आत येताना बुजलाय असं दिसलं की आधी पाणी द्यायचं आणि मेनू थोडा उशिरा. माणसाला बसू दे म्हणायचे. मी आता दुबईत आहे, माझ्या पोरांना हेच शिकवतो.

दादरकरीण
केओटी, म्हणजे आमच्या आजोबांनाही आधी पाणीच दिलं असणार!

माढेकर
वाचून लिहावंसं वाटलं. २६ नोव्हेंबर २००८ चं कुणी अजून लिहिलं नाही, बरंच झालं, धाग्याचा विषय तो एकटाच नव्हे. पण आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसांना ताज म्हटलं की राहुल शिंदे आठवतो. राज्य राखीव पोलीस दलाचा जवान, माढा तालुक्यातल्या सुलतानपूरचा, त्या रात्री आत शिरलेल्या पहिल्या पोलिसांतला एक, तिथेच गेला. गावाने नंतर स्वतःचं नाव बदलून राहुलनगर करून घेतलं. त्याच्या आधी आमच्या भागातल्या कितीजणांनी ताजचं नाव घेतलं असेल, ऊस आणि केळी सोडून आमचं मुंबईशी काय नातं.

मी एकदा मंत्रालयातलं काम आटोपून मुद्दाम गेलो. दारावर बॅग तपासली, कुठे जायचंय विचारलं, मी म्हटलं स्मारक बघायचंय. माणूस सोबत आला, तिथपर्यंत सोडलं आणि लांब जाऊन उभा राहिला. ३१ नावं आहेत. चप्पल बाहेर काढायची असते का म्हणून मी विचारलं, तो नको म्हणाला, मी काढलीच.

चुनागच्ची
माढेकर, नमस्कार घ्या.

ताजचा शेजारचा नवा टॉवर त्याच वर्षी २१ डिसेंबरला पुन्हा उघडला. जुनी इमारत जास्त जळालेली, ती १५ ऑगस्ट २०१० ला. जनरल मॅनेजर करमबीर कांग यांची बायको आणि दोन्ही मुलं आगीत गेली आणि तो माणूस कामावर उभा होता. यावर जास्त काही लिहिता येत नाही.

बीकेसीवाला
विरोधी सूर लावतो, मारू नका. भावना ठीक, पण आज हॉटेल म्हणून बघायचं तर? आमच्या कंपनीचे परदेशी पाहुणे आता बीकेसी, लोअर परळ, विमानतळाजवळ उतरतात, कुलाब्यात कोण जाणार त्या ट्रॅफिकमधून. नव्या हॉटेलांत खोल्या मोठ्या, मीटिंगची सोय चांगली, जिम चकाचक. आणि टॉवर बघा, १९७३ चा, ग्रीन्स हॉटेल पाडून त्या जागी उभा केलेला, त्यात राहून लोक घरी सांगतात ताजमध्ये राहिलो. जुन्या इमारतीत समुद्राकडची खोली घ्यायची तर पाकीट बघूनच. मला वाटतं ताज आता हॉटेल कमी आणि तीर्थक्षेत्र जास्त झालंय.

चुनागच्ची
टॉवरबद्दल सहमत, मला तोही हळूहळू आवडायला लागलाय पण ते वय झाल्याचं लक्षण असेल. बाकी तुमचं तीर्थक्षेत्र त्यांनाही कळलंय बरं, २०१७ मध्ये इमारतीच्या रूपाचाच ट्रेडमार्क घेतला, भारतात असं करणारी पहिली इमारत. म्हणजे धंद्यासाठी घुमटाचं चित्र वापरायचं तर परवानगी लागणार. आपण घरच्या अल्बमसाठी काढलेल्या फोटोंना अर्थातच काही नाही.

आणि ताजवाल्यांनी एकाच हॉटेलवर किती वर्षं काढली बघा, उदयपूरचा लेक पॅलेस हातात आला १९७१ ला, गोव्याचा आग्वाद १९७४ चा. त्याच्या आधी ताज म्हटलं की एकच, हे. पहिल्या महायुद्धात ६०० खाटांचं इस्पितळ झालं होतं तेही हेच, सरोजिनी नायडू मुक्काम ठोकून राजकारण करायच्या तेही इथेच. बीकेसीत हे कुठून आणणार?

बीकेसीवाला
खाटांवर मीटिंग होत नाही हो :) पण मान्य. बायकोच्या वाढदिवसाला मी तिथेच नेलं होतं, हे आता कबूल करून टाकतो.

फणसपोळी
सगळे अनुभव भारी. माझा नाही काही, प्रश्न आहे. आईची पंचाहत्तरी आहे, आम्ही चिपळूणहून येतोय, तिला एकदा आत नेऊन चहा पाजायचाय. ती नऊवारी नेसते आणि पायात साधी चप्पल. चालतं का? आणि नुसता चहा घेतला तर तोंड वाकडं करतात का?

केओटी
फणसपोळी, नऊवारी धावेल! काकूंना खुशाल आणा. सी लाउंजला आधी फोन करून टेबल सांगून ठेवा, वाढदिवस आहे हेही सांगा, आणि खिडकीचं मागा, मिळेलच असं नाही पण मागा. शनिवार-रविवार टाळा. हाय-टीचा (संध्याकाळच्या चहा-फराळाचा) बुफे महाग पडेल आणि पंचाहत्तरीला तेवढं खाल्लंही जात नाही, त्यापेक्षा मेनूवरून चहा आणि शेवपुरी घ्या, फक्त दर आणि कुठल्या वेळेला काय मिळतं ते फोनवरच विचारून घ्या म्हणजे तिथे गेल्यावर आकडेमोड नको. दारावर तपासणी असते, पर्समध्ये अडकित्ता असेल तर घरी ठेवून यायला सांगा.

फणसपोळी
अडकित्ता असतोच तिच्याकडे!! बरं झालं सांगितलंत.