१९७० ची शेव्हेल मूळची एसएस आहे का?

प्रश्न : ओहायोत १९७० ची शेव्हेल (शेव्हरोले कंपनीची मोटार) घेण्याचा माझा विचार असून विक्रेते ती मूळची एसएस ४५४ (सुपर स्पोर्ट, ४५४ घनइंच इंजिनाची) असल्याचे सांगतात. चेसिस क्रमांक १३६३७० ने सुरू होतो. तेवढ्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर १ : नाही. त्यावरून मालिबू (शेव्हेलचा एक प्रकार), व्ही-८ इंजिन, दोन दारांची हार्डटॉप (मधल्या खांबाविना पक्क्या छताची) आणि १९७० एवढेच कळते, कारण त्या वर्षी एसएस हे ऐच्छिक पॅकेज होते.

उत्तर २ : इंजिनाच्या उजव्या हेडपुढील सपाट पट्टीवरचा शिक्का पाहावा, सीआरव्ही ही अक्षरे म्हणजे मॅन्युअल गिअरचे एलएस६ (४५४ इंजिनाचे अधिक शक्तिशाली रूप). मात्र पट्टी घासून शिक्का नव्याने मारता येतो, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत बिल्ड शीटचा (कारखान्यातील जोडणीच्या यादीचा) जीर्ण कागद टिकला असेल, तर त्यात एसएस ४५४ पॅकेजचा झेड१५ हा संकेत शोधावा. टाकी उतरवू देत नसतील, तर कृपया इसार देऊ नका.