आतडं काढलं की प्लास्टिक गेलं म्हणे!

हरिपूर_संगम: वर एकानं ठोकून दिलंय, “मासा साफ करताना आतडं जातं, त्यासोबत मायक्रोप्लास्टिकही, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण. सांगलीकरांनो, कृष्णेचा मासा बिनघोर खा.” कटला-रोहूपुरतं ठीक, तिथं बहुतेक कण पोटातच सापडतात. पण मळ्यांसारख्या बारक्या माशांचं आणि झिंग्यांचं आतडं कोण काढतं? चिमटीत पोट दाबलं तर दाबलं, नाहीतर तसंच पिठात घोळून तव्यावर. आणि रश्श्यात डोकं कल्ल्यांसकट टाकणाऱ्यांचं काय?

कोयनाकाठ: माशाच्या पोटातल्या निळ्या धाग्यांचे फोटो फिरवण्याआधी कोरी चाचणी, म्हणजे मासा न घेता तीच सगळी कृती, केली होती का? पॉलिस्टरचा शर्ट घालून उघड्यावर आतडं फाडलं की शर्टच मोजला जातो.

हरिपूर_संगम: कोरी चाचणी हवीच. पण चूक उलटीही होते. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ४० अंशांवर दोन दिवस ठेवून मांस विरघळवायचं असतं. घाईनं ६० अंशांवर नेलं की पॉलिस्टरही झिजतं. पुढं प्लास्टिक तरंगवून वेगळं करायला जड द्रावण लागतं, पण झिंक क्लोराइडचं महाग म्हणून मिठाचं पाणी घेतात. त्याची घनता १.२, पॉलिस्टरची १.३८. धागे तळाला, अहवालात ‘आढळले नाही’!

तंगूस: धागे सोडा, शेतात बेडवर अंथरतात त्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरवर बोला.

बागाईतदार_तासगाव: आलं शेतकऱ्यावर! पेपर पॉलिथिनचा, पाण्यावर तरंगतो. मृगळ मासा चरतो तळाशी. जुळवा आता.

तंगूस: शेवाळ चढलं की तोच तुकडा जड होऊन तळाला जातो. २५ मायक्रॉनचा पेपर तीन-चार महिन्यांच्या पिकाचा, तुम्ही त्यावर दुसरं पीक काढता. उन्हानं कडक झालेला पेपर ओढला की मधेच फाटतो, मातीत दाबलेल्या कडा तशाच राहतात. वर रोटाव्हेटर. पहिल्या वळवात सगळं ओढ्यातून नदीत. बेड ओलवून, कडा खोऱ्यानं मोकळ्या करून गुंडाळायला काय होतं?

बागाईतदार_तासगाव: मजुरी तुम्ही देणार? चिखलाचा पेपर भंगारवालाही घेत नाही. आणि नाव तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉन दोरा, लावून शिकवता? फाटकी जाळी कापून काठावर कोण टाकतं?

तंगूस: जाळ्यांचं खरंय. म्हणून रोटाव्हेटर माफ होत नाही.

कोयनाकाठ: बरं, मळ्यांचं कबूल, खूश? पण प्लास्टिकच्या ठोकळ्यावर मासा तोडून घेणाऱ्यांनी नदीला नावं ठेवू नयेत. घावागणिक भुगा निघतो, तोही आतडं काढल्यावर, थेट तुकडीवर. चिंचेचा ओंडका असलेल्याकडून तोडून घ्या.