फूड कोर्टमधील मलेशियन लक्सा आणि कॉफी : चव अशीच असते का?

होटगी_रोड (प्रश्न)

नमस्कार. गेल्या रविवारी आम्ही घरातली पाच माणसे सोलापुरातल्या एका मॉलच्या फूड कोर्टमध्ये गेलो होतो. तेथे नव्याने सुरू झालेल्या एका स्टॉलवर मलेशियन पद्धतीच्या नूडल्स आणि कॉफी मिळते. आम्ही ‘करी लक्सा’ मागवला. पिवळ्या नूडल्स आणि तांदळाच्या बारीक शेवया एकाच वाडग्यात होत्या, त्यावर नारळाच्या दुधाचा केशरी रस्सा आणि तळलेल्या टोफूचे तुकडे होते. मला तो मनापासून आवडला. मात्र रस्स्याला मागून सुकटीसारखा वास येत होता, आणि मलेशियाला जाऊन आलेला माझा भाचा म्हणाला की त्याने पेनांगला खाल्लेल्या लक्सात नारळ नव्हताच, तो चिंचेचा आंबट होता. मग खरा लक्सा कोणता?

कॉफीचे पहिले दोन घोट इतके कडू आणि करपट लागले की मी कप बाजूला ठेवला, आणि नंतर पाहिले तर तळाशी घट्ट गोड दूध तसेच राहिले होते. ती बिघडलेली होती का? आणखी एक प्रश्न माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. माझ्या सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत. फलकावर ‘व्हेज लक्सा’ लिहिले आहे. तो त्यांना निर्धास्तपणे देता येईल का?

पेनांगचे_दिवस

ताई, मी २०१४ ते २०१७ अशी तीन वर्षे नोकरीनिमित्त पेनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये राहिलो. तुमचे आणि भाच्याचे, दोघांचेही बरोबर आहे, कारण लक्सा हे एका पदार्थाचे नाव नसून पदार्थांच्या एका घराण्याचे नाव आहे. तुम्ही खाल्लात तो नारळाच्या दुधाचा. पेनांगचा तो ‘असाम लक्सा’. असाम म्हणजे आंबट, आणि चिंचेलाही तेथे तोच शब्द वापरतात. त्यात बांगड्यासारखा मासा शिजवून त्याचे मांस रस्स्यात मोडलेले असते, वर अननस, काकडी, कांदा आणि पुदिना घालतात, आणि शेवटी कोळंबीचा काळा, गोडसर, दाट अर्क चमच्याने सोडतात. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घरांत चिंचेचा चेपल पुलुसू, म्हणजे माशाचे आंबट कालवण, होतो. तो ज्याने खाल्ला आहे त्याला असाम लक्साचा पहिला घोट परका वाटणार नाही, असे मला तेथे पहिल्याच आठवड्यात जाणवले होते.

सुकटीचा वास म्हणजे दोष नव्हे, तीच त्या रस्स्याची ओळख आहे. बारीक जवळा मिठात आंबवून, कुटून, उन्हात वाळवून त्याच्या वड्या करतात. त्याला ‘बेलाचान’ म्हणतात. ती वडी भाजून लाल मिरच्या, छोटे कांदे, हळद, कुलंजन (आल्यासारखा एक कंद) आणि गवती चहा यांच्याबरोबर वाटली जाते, आणि हे वाटण तेल सुटेपर्यंत परतल्यावरच नारळाचे दूध पडते. ज्या स्टॉलवर हे परतणे घाईत उरकतात तेथे रस्सा कच्चा आणि गोडमिट्ट लागतो. तुमच्या वर्णनातला केशरी रंग परतलेल्या वाटणाच्या तेलाचा असावा, त्यामुळे मला तो स्टॉल चांगला वाटतो.

म्हणूनच सासूबाईंच्या बाबतीत सावध राहा. टोफू घातला म्हणून पदार्थ शाकाहारी होत नाही. बेलाचान वाटणात विरघळलेले असते, त्यामुळे ते वाडग्यात डोळ्यांना दिसत नाही. स्टॉलवर ‘नॉनव्हेज आहे का’ असे न विचारता ‘वाटणात सुकी कोळंबी किंवा जवळा आहे का, आणि रस्सा कशाच्या पाण्यात शिजवला आहे’ असे विचारा. मलेशियातही पूर्ण शाकाहारी खाणे मिळते. तेथील अनेक बौद्ध चिनी कुटुंबे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मांसाहार टाळतात, आणि अशा स्वयंपाकात बेलाचानऐवजी आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट वापरतात. स्टॉलवाल्यांना तशी पेस्ट वापरून वेगळे वाटण ठेवता येईल का, हे विचारून पाहायला हरकत नाही.

कापी_डिकॉक्शन

कॉफीबद्दल मी लिहितो. ती बिघडलेली नव्हती, ढवळायची राहिली होती. मलेशियन ‘कोपी’त कंडेन्स्ड मिल्क कपाच्या तळाशी आधी घालतात आणि वरून काळी कॉफी ओततात, ती तळापासून ढवळल्याशिवाय प्यायची नसते. करपटपणाचे कारण भाजण्यात आहे. तेथे पारंपरिक पद्धतीत कॉफीच्या बिया साखर आणि मार्गारीन किंवा लोणी घालून भाजतात, त्यामुळे बियांवर जळक्या साखरेचा काळा चकचकीत थर चढतो. बी बहुधा रोबस्टा जातीची असते. तिच्यात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते आणि कडूपणाही अधिक असतो. पूड कापडी पिशवीत घालून, लांब तोटीच्या भांड्यातून वरून उकळते पाणी ओतून ती गाळतात. आपल्या उडपी हॉटेलातल्या फिल्टर कॉफीत चिकोरीमुळे दाटपणा येतो आणि ताजे उकळते दूध असते. येथे दोन्ही नाहीत. त्यामुळे फिल्टर कॉफीची अपेक्षा ठेवून पहिला घोट घेतला की धक्का बसतो.

मागण्याचे शब्द लक्षात ठेवा. नुसती ‘कोपी’ म्हणजे कंडेन्स्ड मिल्कची, ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, आणि ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणजे दूध आणि साखर दोन्ही नसलेली. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत बर्फ घातलेली मागवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक पुरवणी. कोपीबरोबर मिळणाऱ्या ‘काया टोस्ट’मधला काया नारळाचे दूध, साखर आणि अंडी आटवून करतात. सासूबाईंसाठी तोही टाळावा.

कडक_भाकरी

पिवळ्या नूडल्सबद्दलही विचारून घ्या. तो रंग आणि चिवटपणा पिठात घातलेल्या क्षारामुळे येतो, आपण पापडात पापडखार घालतो तसाच. पण काही ठिकाणी त्यांत अंडेही असते. तांदळाच्या शेवया तेवढ्या सुरक्षित.

मी घरी दोनदा लक्सा केला आहे. पहिल्या वेळी रस्सा दाट व्हावा म्हणून शेंगदाण्याचे कूट घातले. आपल्याकडे ते हाताशीच असते, पण चव पार बदलली आणि आमटीच झाली. शेंगदाणा तिकडे साते नावाच्या भाजलेल्या मांसाबरोबरच्या चटणीत शोभतो. लक्सात तेथे एक स्निग्ध बी वाटून घालतात, त्याऐवजी थोडे काजू चालतात. दुसऱ्या वेळी काजू घातले आणि जमले.

होटगी_रोड

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा गेले आणि सांगितल्याप्रमाणे नेमका प्रश्न विचारला. स्टॉलवरच्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले की वाटण एकच आहे आणि त्यात सुकी कोळंबी आहे. ‘व्हेज’ म्हणजे वरून मांस किंवा मासे घालत नाहीत इतकेच. विचारले ते फार बरे झाले. सासूबाईंनी कोपी घेतली, तळापासून ढवळून, आणि त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त आवडली.

आता त्यांच्यासाठी घरीच करायचे ठरवले आहे. गवती चहा अंगणात आहे, सोयाबीनची पेस्ट पुण्याहून मागवीन. कुलंजन ताजे मिळत नाही, त्याचे काय करावे?

कडक_भाकरी

काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेले कुलंजन मिळते. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि पाट्यावर वाटा, मिक्सरमध्ये त्याचे धागे राहतात. चार जणांच्या रस्स्याला बोटाच्या एका पेराएवढे पुरे.