जेरुसलेम आर्टिचोकला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

एका पाककृतीचं मराठीत भाषांतर करते आहे. त्यात जेरुसलेम आर्टिचोक भाजून त्याचं सूप करायचं आहे. आर्टिचोक म्हणून जी चित्रं दिसतात ती खवल्याखवल्यांच्या हिरव्या बोंडाची, आणि पाककृती म्हणते ‘माती घासून धुवा, साल काढली नाही तरी चालेल’. बोंडाला माती कुठून आली? याला मराठी शब्द आहे का? शिवाय चवीचं वर्णन इंग्रजीत ‘नटी’ (nutty, म्हणजे बदाम-अक्रोडासारखी) असं केलंय. तिथे काय लिहू?

उत्तर

हा जमिनीखालचा कंद आहे, बोंडाशी संबंध नाही. नुसतं ‘आर्टिचोक’ अजिबात लिहू नका, वाचणारी व्यक्ती भलतीच भाजी घेऊन येईल.

उत्तर

नावातले दोन्ही शब्द दिशाभूल करतात, पण सारख्याच प्रमाणात नाही. ‘जेरुसलेम’ला काहीच आधार नाही. ही वनस्पती सूर्यफुलाच्या प्रजातीतली, शास्त्रीय नाव हेलिअँथस ट्यूबरोसस, मूळची उत्तर अमेरिकेची. युरोपीय लोक तिथे पोचायच्या आधीपासून तिथले मूळ रहिवासी ती लावत आणि खात. इटालियनमध्ये सूर्यफुलाला ‘जिरासोले’ म्हणतात, इंग्रजी तोंडात त्याचं ‘जेरुसलेम’ झालं, ही व्युत्पत्ती नेहमी सांगितली जाते. सगळे अभ्यासक ती मान्य करत नाहीत. नाव रूढ झाल्यावर मात्र ते पुढेच गेलं: याच्या सूपला इंग्रजीत ‘पॅलेस्टाइन सूप’ म्हणू लागले. फ्रेंचांनी तर भलत्याच ठिकाणचं नाव दिलं. १६१३ मध्ये ब्राझीलमधल्या तुपिनांबा जमातीच्या काही माणसांना पॅरिसला नेलं होतं, त्यांच्यावरून हा कंद ‘तोपिनाम्बूर’ झाला. ब्राझीलशी त्याचा काही संबंध नव्हता.

‘आर्टिचोक’ची गोष्ट वेगळी. १६०५ मध्ये साम्युएल द शांप्लँ हा फ्रेंच प्रवासी उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या केप कॉडच्या किनाऱ्यावर उतरला. तिथल्या लोकांच्या शेतांत त्याला हे कंद दिसले आणि त्यांची चव आर्टिचोकसारखी आहे असं त्याने लिहून ठेवलं. ते खरंच आहे. शिजवलेल्या कंदाला बोंडाच्या गाभ्यासारखी हलकी गोडसर चव असते. म्हणजे नावाचा हा अर्धा भाग वनस्पती चुकीची सांगतो, पण चव बरोबर सांगतो.

मराठीत रूढ शब्द नाही, तेव्हा मी ‘सूर्यकंद’ सुचवेन. पहिल्यांदा येईल तिथे ‘सूर्यकंद, म्हणजेच जेरुसलेम आर्टिचोक’ असं लिहा, पुढे नुसतं सूर्यकंद.

उत्तर

इंग्रजीत ‘सनरूट’ही म्हणतात. मग ‘सूर्यमूळ’ का नको?

उत्तर

कारण ते मूळ नाही. बटाट्यासारखाच हा खोडाचा फुगलेला भाग आहे, त्याला डोळे असतात आणि डोळ्यातून कोंब फुटतो. लावणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे. मूळ म्हटलं की बी कुठे मिळेल याचा शोध सुरू होतो, कंद म्हटलं की बेणं शोधतात, आणि इथे बेणंच लागतं. थंडी ओसरत आली की एकेक डोळा असलेले तुकडे १० ते १५ सेंटिमीटर खोल आणि एकमेकांपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर लावायचे. झाड २ ते ३ मीटर उंच जातं, वाऱ्याने कलतं, म्हणून बुंध्याला मातीची भर द्यावी. पाला वाळल्यावर काढणी. गरज नसेल तर कंद जमिनीतच राहू द्यावेत, कारण साल फार पातळ असते आणि बाहेर काढून ठेवले की चारदोन दिवसांत सुरकुततात. काढताना बोटाच्या पेराएवढा तुकडा मातीत राहिला तरी पुढच्या हंगामात तो हमखास उगवतो. जागा नीट विचार करूनच निवडा, मग ते हटत नाहीत. निवडीला वाव असेल तर ‘फ्यूझो’ नावाचं वाण घ्या. त्याचे कंद लांबट आणि गुळगुळीत असतात, आल्यासारख्या गाठी नसतात, त्यामुळे धुणं आणि सोलणं सोपं जातं.

आता ‘नटी’बद्दल. एका शब्दात ते मराठीत येत नाही, आणि आणूही नये, कारण कच्च्या आणि भाजलेल्या कंदाची चव वेगवेगळी असते. कच्चा असेल तर कोवळ्या शिंगाड्यासारखा, पाणीदार आणि गोडसर. तिथे ‘कुरकुरीत’ लिहू नका. कुरकुरीत म्हणजे कोरडं, तळलेलं. इथे ‘करकरीत’ हवं. भाजलेला असेल तर ‘खमंग’ लिहा, निःशंकपणे लिहा. कडा तपकिरी होतात, साल चिवट-गोड लागते, आतला गर लोण्यासारखा मऊ होतो.

चव चांगली की वाईट, तर भाजलेली फार चांगली. उकडून मात्र वाया जाते. बटाटा उकडला की पिठूळ होतो, कारण त्यात पिष्ट असतं. सूर्यकंदात पिष्ट जवळपास नसतंच, त्याऐवजी इन्युलिन, म्हणजे फळसाखरेच्या साखळ्यांचं बनलेलं वेगळं कर्बोदक, असतं. म्हणून तो पिठूळ होतच नाही. थोडा जास्त उकळला की एकदम पाणचट गिचका होतो. सूप करायचं तरी आधी भाजूनच घ्यावा, तुमची पाककृती योग्य आहे. चिरलेल्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात ठेवायला सांगा.

पुन्हा प्रश्न

‘सूर्यकंद’ आवडला. पाककृतीच्या शेवटी ‘पहिल्या वेळी थोडंच खा, पोटात वात धरतो’ अशा अर्थाची सूचना आहे. ‘वातड’ लिहू का?

उत्तर

‘वातड’ नको! वातड म्हणजे चिवट, चावायला त्रास होणारं. तुम्हाला ‘वातूळ’ हवा आहे. त्या अर्थाचा इतका नेमका शब्द आपल्याकडे तयार आहे, तो जरूर वापरा. सूचनाही गाळू नका. इन्युलिन आपल्या लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जीवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. हे नवं ज्ञान नाही. जॉन गुडयर या इंग्रज वनस्पतिअभ्यासकाला १६१७ मध्ये दोन छोटे कंद मिळाले, त्याने ते हॅम्पशरमध्ये लावले, आणि १६२१ मध्ये लिहिलं की कसेही शिजवा, पोटात दुर्गंधी वारा उठतोच, माणसांपेक्षा हे डुकरांनाच योग्य. निकाल फारच कडक आहे, मी सहमत नाही. पण वाताचं निरीक्षण अचूक.

हा त्रास कमी करता येतो. कडाक्याच्या थंडीनंतर काढलेले किंवा थंड जागी काही आठवडे ठेवलेले कंद घ्यावेत. तेवढ्यात इन्युलिनचा काही भाग मोडून फळसाखर होते, म्हणजे चवही गोड होते आणि वातही कमी. लिंबूरस घातलेल्या पाण्यात आधी उकळल्यानेही थोडा फरक पडतो, पण वर लिहिलेली गिचक्याची भीती आहेच, तेव्हा अर्धकच्चे असतानाच बाहेर काढा. सूचना अशी लिहिता येईल: ‘सूर्यकंद वातूळ असतो. सवय नसेल तर पहिल्यांदा दोन-चार फोडीच खाव्यात.’